असं

आईच्या तोंडचं शेवटचं पुरतं वाक्य वहिनीनं ऐकलं. "कापूस दमट लागतोय गं, काल उन्हात टाकायला हवा होता." आषाढाचे दिवस होते. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर पाट टाकून आई चातुर्मासाच्या वाती वळत बसली होती. लाख वातींचा नेम तिनं कधीच पुरा केला होता, पण हाताला सवय. आपल्या देवघराला पुरून उरतील तेवढ्या ती अजूनही वळायची आणि आळीत वाटून टाकायची.

वहिनी फोडणी देऊन बाहेर आली तर अर्धी वळलेली वात आईच्या मांडीवर पडलेली, उजवा हात लुळा, आणि आई त्या हाताकडे परक्या वस्तूकडे पाहावं तशी पाहत होती. "काय झालं आई?" म्हटल्यावर तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही.

दादाला वाटलं, उपासानं चक्कर आली असेल. त्यानं लिंबाचं सरबत करायला सांगितलं, त्यात तासभर गेला. तो तास त्याच्या मनातून अजून जात नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं की सरबत करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आई त्या वेळात पोचली, म्हणून आज आहे.

नवव्या दिवशी ती बोलली. नर्स उशी सारखी करत होती, आईला ती जरा वर हवी होती. तिनं डावा हात उचलून दाखवलं आणि म्हणाली, "असं." आम्ही सगळे कॉटभोवती धावलो. वाटलं, बांध फुटला, आता येईल सगळं. दीड वर्ष होत आलं. आईजवळ तो एकच शब्द आहे.

एकच म्हणायचं, पण ती त्याला किती परींनी वापरते! चहा गोड झाला तर लांबवलेलं "असंऽऽ". सून उशिरा आली तर तुटक "असं." मी गेले की वर चढत जाणारं, विचारणारं "असं?", म्हणजे घरी सगळे बरे ना. सूर, हेल, रुसवा, लाड, सगळं जागच्या जागी, फक्त शब्द गेले. तिला समजतं सगळं. भाजीवाल्यानं हिशोब चुकवला तर आतून "असं!" येतं आणि तो पैसे परत मोजतो. व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओथेरपीचा मुलगा देवासचा, घरात माळवी बोलणारा. त्याला मराठीतला हा एक शब्द पक्का आला आहे. पाय उचलून धरतो आणि विचारतो, "अम्माजी, असं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली होती. मेंदूची डावी बाजू. शरीराचं उजवं अंग तिच्या ताब्यात आणि बहुतेक सगळ्यांची वाचाही तिथलीच. या दुखण्याला वाचाघात म्हणतात. मी विचारलं, हात आणि वाचा एकदमच का गेले? ते म्हणाले, "दोन्ही एकाच रक्तवाहिनीवर पोसतात." उत्तर बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. दोघांची घरं शेजारी का बांधली गेली, हे मला हवं होतं. मी काही या विषयातली नाही, पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइलवर वाचायला लागले आणि ते वाचणं अजून थांबलेलं नाही.

सगळ्यात आधी भेटला तो एक फ्रेंच माणूस, लबोर्न्य. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात तो 21 वर्षं होता, आणि त्याच्याजवळ एकच शब्द होता, "तान". बहुधा दोनदा म्हणायचा, तान तान. तिथे त्याचं नावच तान पडलं. पुढे त्याचा उजवा हात गेला, मग पाय. एप्रिल 1861मध्ये पाय सडला म्हणून त्याला शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे आणलं. ब्रोकांनी विचारलं, तू इथे किती वर्षं आहेस? तानने पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस.

हे वाचलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवला. आदल्याच दिवशी आईला मी विचारलं होतं, चिऊ किती महिन्यांची झाली गं? तिनं डावा पंजा दोनदा उघडला होता. चिऊ, आईची पणती, तेव्हा दहा महिन्यांची होती.

तान काही दिवसांतच गेला. ब्रोकांनी मेंदू उघडून पाहिला, डाव्या बाजूला पुढच्या भागात खालच्या अंगाला खळगा पडला होता. बोलण्याची जागा म्हणून तो भाग जगभर ब्रोकांच्या नावानं ओळखला जाऊ लागला. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला होता; 2007 साली त्याची एमआरआयनं नीट तपासणी झाली आणि कळलं, इजा वरून दिसली त्याहून कितीतरी खोल गेली होती. भाषा एका कोपऱ्यात नांदत नाही. मेंदूभर पसरलेलं ते जाळं आहे, आणि त्यातला एक मोठा धागा तुटला होता.

जाळं म्हणतात ते काय, हे मला आईच्या परवच्यानं कळलं. आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे म्हणायची पद्धत. एका संध्याकाळी चिऊला मांडीवर घेऊन मी उगीचच सुरू केलं, बे एके बे, बे दुणे चार. तिसऱ्या ओळीला मागून आवाज आला. बे त्रिक सहा. बे चोक आठ. आई म्हणत होती! बे दाहे वीसपर्यंत, एक अक्षर न चुकता. वहिनीच्या हातातली निरांजनाची ताटली हलायला लागली. मी आईसमोर दोन बोटं धरली आणि विचारलं, "हे किती?" ती माझ्याकडे पाहत राहिली, ओठ जुळवले, डोळे भरून आले. "असं."

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, असं नेहमी दिसतं. पाढे, स्तोत्रं, आरत्या, वारांची नावं, माळेसारखी पाठ झालेली बोली बऱ्याचदा शाबूत राहते. मनातलं काही सांगायला नवा शब्द शोधून त्याला वाक्यात बसवायचं, ते जातं. पस्तीस वर्षं मी पाठांतराला भाषेचा पाया मानत आले. आई वीसपर्यंत पाढा म्हणू शकते आणि दोन म्हणू शकत नाही, हे पाहिल्यापासून मी तसं म्हणत नाही.

माणूस बोलायला कधी लागला, हे शोधत आता नर्मदेकडे येते. इंदूरच्या नळाला जे पाणी येतं ते नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं. त्याच नदीच्या काठी, बरंच वर, सिहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचं गाव आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना तिथल्या दगडगोट्यांच्या घट्ट थरात माणसाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. एवढा जुना मानवी जीवाश्म भारतात तोवर मिळाला नव्हता. सोनकियांनी त्याला होमो इरेक्टस या आदिमानवाच्या जातीत धरलं, पुढच्या अभ्यासकांनी आपल्याच जातीच्या आद्य रूपाजवळ नेलं. वयाचा वाद अजून चालू आहे. मेंदूचं आकारमान साधारण 1,150 ते 1,420 घनसेंटिमीटर काढलं गेलं. तुमचंआमचं सरासरी 1,350च्या आसपास असतं. म्हणजे नर्मदाकाठच्या त्या जीवाचं डोकं आपल्या डोक्यापासून फार दूर नव्हतं.

पण मी थांबले ते वेगळ्याच तपशिलापाशी. मिळाली आहे ती कवटीची उजवी बाजू. डावीचा एक तुकडा तेवढा तिला चिकटलेला आहे. तान आणि आई यांचं जिथे बिघडलं, नेमकी ती कड नदीनं ठेवून घेतली. बोलत होता का हो तो, हे त्या हाडाला विचारायची सोयच नाही.

नुसत्या हाडांनी तसंही फारसं सांगितलं नसतं. इस्राएलमधल्या केबारा गुहेत 1983 साली निअँडरथल, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंदांपैकी एका, माणसाच्या गळ्यातलं जिभेखालचं नालाकृती हाड मिळालं, साधारण 60,000 वर्षांपूर्वीचं, हुबेहूब आपल्यासारखं. उच्चाराशी संबंध असलेला एक जनुक आहे, फॉक्सपी-टू. त्याचं आपलं रूप निअँडरथलांतही होतं. गळा होता, जनुक होता. एवढ्यावर कुणी बोलत होतं असं म्हणता येत नाही. शब्दाचा जीवाश्म होत नाही.

हथनोऱ्याच्या त्याच थरात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, आणि माझं सगळं कुतूहल तिथे जाऊन बसलं. पेरूच्या फोडीसारखी, टोकाकडे निमुळती, दोन्ही अंगांनी छिलके, म्हणजे पातळ कपच्या, काढलेली ती वस्तू चित्रात सोपी दिसते. घडवणं सोपं नाही. दगडाच्या कडेचा कोन बरोबर लागतो. चुकीच्या जागी घाव बसला की सगळा दगड वाया. पुढचा छिलका नीट निघावा म्हणून आधी कड झिजवून तयार करावी लागते; आत्ताचा घाव तीन घावांनंतरच्या घावासाठी असतो. एका हातानं दगड धरून फिरवत राहायचा, दुसऱ्यानं मारायचं. मला यात वाक्य दिसतं. क्रियापद मराठीत शेवटी येतं, पण कर्ता उच्चारताना ते मनात तयार असावं लागतं, त्याशिवाय "ती" म्हणायचं की "तिनं" हे ठरत नाही. मानवशास्त्रज्ञ डायट्रिक स्टाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकुऱ्हाड घडवणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. त्या कामात जागे होणाऱ्या भागांमध्ये ब्रोकांच्या भागाचा उजवीकडचा जोडीदारही निघाला. दगड घडवणं आणि वाक्य घडवणं यांचे रस्ते मेंदूत एकमेकांना लागून जातात. डॉक्टरांच्या उत्तरात मला जे हवं होतं, त्याच्या जवळ मी इथे पोचले.

मग 2015चा एक प्रयोग वाचला, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातला. 184 माणसांना गारगोटीचे छिलके काढायला शिकवलं. काहींना नुसता तयार नमुना दिला. काहींना करणारा माणूस पाहू दिला. काहींचा हात धरून पकड बदलून दिली, काहींना खाणाखुणा करून समजावलं, आणि शेवटच्या गटाला बोलून. नुसतं पाहून फारसं कुणाला आलं नाही. कुणीतरी शिकवायला लागलं तेव्हा फरक पडला आणि बोलून शिकवलं तेव्हा सगळ्यात जास्त. त्यांचं म्हणणं असं की अवजारं, शिकवणं आणि भाषा यांनी लाखो वर्षं एकमेकांना ओढून वर आणलं.

कांझी नावाचा बोनोबो वानर होता, चिन्हांच्या फळीवर बोट ठेवून शेकडो शब्दांचा अर्थ दाखवणारा. दोरीनं बांधलेल्या पेटीत खाऊ ठेवून त्याला दगड फोडायला शिकवलं. तो छिलके काढायला शिकला, दोरी कापायला शिकला, पण हातातल्या हातात नेमका घाव घालण्यापेक्षा दगड कडक फरशीवर आपटून फोडणं त्याला पसंत पडलं. अक्कल कमी नव्हती त्याला. पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझी आया दगडानं कवचफळं फोडतात, पिल्लं शेजारी बसून बघतात, आणि ते अंगी यायला त्यांना कित्येक वर्षं लागतात. आई क्वचितच पिल्लाचा हात धरते. "असं नाही, असं" म्हणणारं तिथे कुणी नाही.

हे वाचत असताना मला एकदम माझी नवव्या वर्षाची दुपार आठवली. आई मला फुलवात शिकवत होती. चिमूटभर कापूस बोटांनी मोकळा करायचा, सरकीचा कण राहिला असेल तर काढायचा, तळहातावर गोल पसरायचा, मधोमध चिमटीत धरून वर ओढायचा, आणि दुधाचं बोट लावून शेंड्याला पीळ द्यायचा. आत्ता मी हे पायरीपायरीनं लिहिलं, पण आईनं यातलं एकही वाक्य मला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "असं." मी केलं, वात सुटली. "असं नाही, असं." बोट धरून जरा तिरकं केलं. "हं, अस्सं."

तिच्याजवळ जो शब्द उरला तो आजारपणात कुठून तरी आलेला नव्हता. आयुष्यभर तिनं तोच सगळ्यात जास्त वापरला होता. पुरणाला, कणकेला, रांगोळीची चिमूट धरण्याला, निऱ्या घालण्याला. पुस्तकांत आदिमानवाचा पहिला शब्द काय असेल यावर बरंच काही मांडलेलं असतं: धोक्याची हाक, प्राण्याचं नाव, आईला मारलेली साद. मला वाटतं तो "असं" असणार. जगात काहीतरी दाखवणारा हात, त्या हाताकडे पाहणारं दुसरं कुणी, आणि दोघांमध्ये हा शब्द. त्याला स्वतःचा अर्थ नाही. समोर हात नसेल तर तो पोकळ आहे. हात असेल तर त्यात सगळं मावतं. याला पुरावा नाही, ते मला ठाऊक आहे. पण मी हे मनापासून मानते.

चिऊ माझ्या भाच्याची मुलगी. तिचे आईबाप दोघंही नोकरीला, म्हणून दिवसभर ती रामबागेतच. जन्मली तेव्हा तिचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. चिंपांझीचं पिल्लू आपल्या प्रौढ मेंदूचा सुमारे 40 टक्के भाग घेऊनच येतं. आपलं मूल अर्धवट येतं आणि बाहेर, माणसांत, पुरं होतं. महागडं प्रकरण आहे ते. वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू मोठ्या माणसाची वीस टक्के ऊर्जा खातो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या अंगातली तर 40 टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. वरणभाताचा एवढा मोठा वाटा डोक्यात जातो! एकट्या आईला हे पेलवलं नसतं. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांत पाहिलं की म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंद खणून नातवंडांना पुरवतात, आणि लेकीला पुढचं मूल होतं तेव्हा आधीचं मूल आजीच्या कष्टावर वाढतं. त्यातून मांडणी निघाली की पाळी गेल्यावरही बाईचं आयुष्य एवढं लांबलं ते आज्यांमुळे. आमच्या घरी खणायला कंद नाहीत. पण दुपारी वहिनी लवंडली की चिऊ ज्या बाईजवळ असते तिच्याजवळ एक हात आणि एक शब्द आहे.

गेल्या हिवाळ्यात दादा आणि मी हथनोऱ्याला जाऊन आलो. पाहायला काही नाही, नदी आहे. उतारावर गोट्यांचे थर एकमेकांना सिमेंटनं जोडल्यासारखे, नखानं खरवडले तरी कण सुटत नाही. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. मी एक साधा गोटा उचलला, उजव्या हातात धरून पाहिला, मग डाव्या हातात. डाव्या हातात तो जड लागला. जिथून उचलला तिथेच ठेवून दिला.

कार्तिकात आईनं वहिनीला कपाट दाखवलं. "असं." वहिनीनं कापसाची पिशवी काढून दिली. एका हातानं फुलवात वळत नाही, मी घरी करून पाहिलं आहे. आईनं पाट जवळ ओढून घेतला, कापसाचा पेळू त्यावर ठेवला आणि डाव्या तळव्यानं पुढे-मागे लोळवायला लागली. लांब वात झाली, एका टोकाला जाड, दुसऱ्याला विरळ. वहिनीनं ती समईत लावली. जरा काजळी धरली, पण तेल संपेपर्यंत जळली.

आता चिऊही पाटाशी बसते. तिच्या शब्दांचा सुकाळ चालला आहे, घरात मराठी, गल्लीत हिंदी, दूधवाल्याशी माळवी, आणि ते सगळं एकत्र. परवा मी गेले तर ती कापूस पाटावर दाबून दाबून लोळवत होती. गोळा झाला होता. तिनं तो उचलून आईपुढे धरला आणि तिच्यासारखाच हेल काढून म्हणाली, "पज्जी, अछं?"

आईनं मान हलवली. नाही. तिच्या हातातला गोळा घेतला, डाव्या हाताच्या बोटांनी सावकाश सोडवला, पुन्हा पाटावर पसरला, चिऊचा इवलासा तळवा त्यावर ठेवला आणि वरून आपला ठेवला.